पार्टीत कोण कोण?

जामसंड्याच्या बाजारात परशुराम शिंप्यासमोर 'पार्टी' हा शब्द काढायची सोय नव्हती. कोणी चुकून बोलून गेलाच, तर मशीन थांबायचं. ओठांत धरलेली टाचणी काढून परशुराम मान वर करायचा आणि विचारायचा, "पार्टीत कोण कोण आसत?" सूर असा, की समोरच्याने काही केलेलं नसलं तरी आपण काहीतरी केलंय असं त्याला वाटावं.

हा शब्द त्याच्या मानगुटीवर बसवला सत्यवानाने. दोघे एका वाडीतले, कुणकेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवरचे, एकाच झाडाचे आंबे चोरून मोठे झालेले. सत्यवान मुंबईला मावशीकडे राहून आला आणि आल्या आल्या त्याने रवळनाथाच्या देवळातल्या भजनाचं बारसं केलं. तोवर ते नुसतं भजन होतं. आता ती भजन पार्टी झाली. "मुंबयत सगळे पार्टीच म्हणतत," सत्यवान म्हणाला. परशुराम भजनात टाळ वाजवायचा. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. भजनाला जो येईल तो बसतो. पार्टी म्हटली की कोणीतरी आत आणि कोणीतरी बाहेर आलाच. मग एका संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घाईत त्याला उशीर झाला. त्याने देवळाच्या पायरीवर पाय ठेवला आणि आतले सगळे एकदम गप्प झाले. अभंग संपला म्हणून गप्प झाले, दुसरं काही नाही. पण परशुरामाने टाळ खुंटीला अडकवले आणि तसाच माघारी फिरला. सत्यवान समजूत काढायला घरी येऊन गेला, तेव्हा परशुराम आपल्या बायकोला, सीतेला, म्हणाला, "ह्यो बोलवाक नाय इलेलो. बघूक इलेलो."

पुढच्या दहा वर्षांत ह्या शब्दाने नुसता धुमाकूळ घातला. आंब्याचा दलाल छाती काढून सांगायचा, मुंबईची पार्टी आली आहे, आणि बघायला जावं तर बागेत एक लठ्ठ गृहस्थ छत्री घेऊन उभा. एकटाच. एकट्या माणसाची पार्टी कशी होते हे परशुरामाच्या डोक्यात शिरेना. बाकीचे कुठे दडलेत असं त्याला वाटत राहिलं. वकिलाचा कारकून उसवलेला कोट घेऊन यायचा आणि म्हणायचा, लवकर दे बाबा, आमची पार्टी कोर्टात ताटकळली आहे. ती पार्टी म्हणजे कोणीतरी थकलेली म्हातारी निघायची. दारूबंदीच्या त्या दिवसांत पोलिसांची पार्टी गवताच्या उडव्यांत काठ्या खुपसत हिंडायची. निवडणूक आली की पार्टीवाले झेंड्यांचं कापड घेऊन यायचे, आणि ह्यांचे झेंडे शिवले म्हणून त्यांचा रामराम बंद व्हायचा. शाळेच्या हेडमास्तरांची बदली झाली तेव्हा चहापार्टी झाली. तिथला उरलेला चिवडा कोणीतरी भल्या मनाने परशुरामाला आणून दिला. त्याने पुडीचा वास घेतला आणि चिवडा गाईला घातला. उरला म्हणून दिला की मुद्दाम उरवला, हे त्याचं त्याला ठरवता येईना.

रस्त्याच्या मोजणीला सर्वे पार्टी आली, तेव्हा तर त्याने दुकान बंद ठेवलं. टोपीवाले साहेब, खांद्यावर तिपाई घेतलेला शिपाई, लाल-पांढऱ्या काठ्या. परशुराम भर उन्हात त्यांच्या मागे मागे. काठी कुठे रोवतात, कोणाच्या कुंपणाच्या वईकडे बघून बोलतात, सगळं टिपत होता. साहेब बिचारा सरळ माणूस. हा गृहस्थ मागे फिरतोच आहे, तर उपयोग करून घ्यावा म्हणून त्याने मोजणीच्या साखळीचं एक टोक ह्याच्या हातात दिलं. परशुरामाने दुपारभर ते इमानाने धरलं. घरी येऊन पाय धुताना त्याच्या मनात आलं, एवढी माणसं असताना साखळी माझ्याच हातात का दिली? आणि मग जेवण गेलं नाही.

शेवटी त्याने सगळ्या पार्ट्यांचा एकच अर्थ लावला. भजनाची असो, चहाची असो, पोलिसांची असो की मतांची, पार्टी म्हणजे आपल्याला वगळून एकत्र बसलेली माणसं. एकदा हा अर्थ बसला की सगळं जुळायला लागतं. पानाच्या टपरीवर कुजबुजणारे दोघे ही पार्टी. एस. टी.च्या थांब्यावर हसणारे तिघे ही पार्टी. कोणी आतल्या बाजूला चोरखिसा शिवायला सांगितला तर काय लपवणार आहे. नको म्हणाला तर माझ्यापासून काय लपवतोय. हात मात्र सोन्याचा. त्याच्या सदऱ्याचा काखेतला टाका कधी उसवला नाही. माणूस वाईट नव्हता, लबाड तर मुळीच नव्हता. पण त्याच्याशी दोन वाक्यं बोलून निघालं की आपणच काहीतरी चोरून चाललोय असं वाटायचं, आणि अशा माणसाचा राग येतो तो येतोच.

त्याला एकच मुलगी, दुर्गा. तिच्यावर त्याचा जीव होता. बाजारातून उरलेल्या चिटांचे तुकडे जोडून तिला असे झगे शिवायचा की बायका थांबून बघायच्या. ती मोठी झाली, चार स्थळं आली, चारही त्याने परत पाठवली. एकाचा बाप फार गोड बोलत होता. दुसऱ्याच्या घरच्या विहिरीला दोन रहाट होते, म्हणजे घरात फूट असणार. असली कारणं. मुलीचं वय चाललं, पाणवठ्यावर बायका विचारायला लागल्या, आणि परशुरामालाही घोर लागला. आपल्या संशयापायी मुलगी घरात बसेल, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर त्याची झोप उडाली होती.

बासष्ट सालच्या थंडीत सत्यवान दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "परशा, तुझ्या चेडवासाठी एक पार्टी आसा. मिठबावच्या वाटेक घर. झिल शाळामास्तर. माणसां बरी आसत."

मशीन थांबलं. "पार्टीत कोण कोण आसत?"

"आवस, बापूस, काको आनी एक विधवा आते. झाला."

"आनी तुका ह्यांत काय?"

सत्यवान हसला. "माका जेवान. पंगतीत बसव म्हणजे झाला."

मुलाची माहिती सगळेच काढतात; परशुरामाने खोदकाम केलं. तिथल्या न्हाव्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं, ज्या विहिरीवर त्या घरच्या बायका यायच्या तिथे तहानेचं निमित्त करून पाणी प्यायला. सदरा शिवून देतो म्हणून मुलाला दुकानात बोलावलं आणि टेप लावून त्याला पुढून मागून बघून घेतलं. खांदे सरळ, पाठ सरळ, नजर सरळ. दोष सापडला नाही तेव्हा तो खरा घाबरला. एवढं चांगलं स्थळ चालत दारात येतं, आणि तेही सत्यवानाच्या हातून, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. तरी ह्या वेळी त्याने मन आवरलं. हो म्हणाला. शिमगा झाला की साखरपुडा करायचा ठरलं.

मध्ये महाशिवरात्र आली. कुणकेश्वराची जत्रा भरली, सगळी वाडी गेली, परशुरामही सीता आणि दुर्गाला घेऊन गेला. दर्शन झालं आणि गर्दीत त्याला दिसलं, की खाज्याच्या दुकानापाशी सत्यवान आणि मुलाचा काका उभे आहेत. बोलताहेत. हसताहेत. परशुरामाने बायकोमुलीला बांगड्यांकडे धाडलं आणि स्वतः एका छपराच्या खांबाआड उभा राहिला. ऊन कलेपर्यंत त्याने त्या दोघांवरची नजर काढली नाही. ऐकू काहीच आलं नाही, आणि ऐकू आलं नाही हेच त्याला पुरलं.

चार दिवसांनी मुलाकडून निरोप आला, योग नाही. कारण विचारलं तर निरोप्याने हात जोडले.

परशुराम तडक सत्यवानाच्या अंगणात. "जत्रेत तेच्या काक्याक काय सांगलंस?"

"खाजा ताजा आसा काय, ह्यां इचारी होतंय."

"माझ्या चेडवाचा लगीन मोडलंस तू."

सत्यवानाचा चेहरा पडला. "परशा, पार्टी मीच आणलंय. मीच कित्याक मोडू?" पण परशुरामाच्या मते कोडं सुटलेलंच होतं. भजन सोडल्याचा राग धरून ठेवायचा, स्थळ आणायचं, आशा लावायची आणि चारचौघांत तोंडावर पाडायचं. एवढा लांबचा डाव खुद्द परशुरामाशिवाय दुसऱ्या कोणाला सुचला नसता, हे मात्र त्याला सांगणारं कोणी नव्हतं.

आता माणसांकडे दाद मागण्यात अर्थ नव्हता. त्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. ह्या मुलखात देवाशी एकट्याने गुपचूप बोलून चालत नाही. नारळ घेऊन देवळात उभं राहायचं, आपलं म्हणणं देवळाचा मानकरी घाडी देवाला मोठ्याने सांगतो, आणि त्याच्या एकेका वाक्यावर जमलेली सगळी माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देतात. बायका, म्हातारे, सगळे. गप्प राहायचं नाही. आणि परशुरामाला नेमकं हेच हवं होतं. सत्यवानाला सगळ्यांच्या देखत गाऱ्हाण्यातला शाप ऐकावा लागणार होता, आणि त्याला होकारही द्यावा लागणार होता. बघू म्हटलं, जीभ उचलते का.

महादू घाडी म्हातारा, कानाने कमी पण मनाने जागा. त्याने विचारलं, "नाव घेव काय कोणाचा?"

"नाव नको. ज्यान कोणी लगीन मोडल्यान, तेचो संसार कधी उभो रवाक नको, इतक्याच सांग."

घाडीने नारळ हातावर तोलला. "बिननावाचा गाऱ्हाणा सुटलेल्या बैलासारख्या आसता रे. खंयच्या परड्यात शिरात, सांगूक येणा नाय."

"बरोबर परड्यात शिरतला," परशुराम म्हणाला.

सोमवारी सकाळी वाडी देवळात जमली. सत्यवान आला. तो येणार नाही असं परशुरामाला वाटलं होतं. आला म्हटल्यावर वाटलं, न येऊन कसं चालेल, संशय येईल म्हणून आला. बायका खांबापाशी उभ्या होत्या, त्यांत सीता आणि दुर्गा. घाडीने देवापुढे नारळ ठेवला, गळा साफ केला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ह्यो तुझो सेवक परशुराम नारळ घेवन तुझ्या पायाकडे उभो रवलो आसा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या चेडवाचा ठरलेला लगीन मोडला आसा."

"व्हय म्हाराजा."

"तां आपसूक मोडूक नाय. कोणीतरी मोडल्यान."

परशुरामाने डोळे मिटलेच नव्हते. तो सत्यवानाच्या तोंडाकडे बघत होता. सत्यवानाने हात जोडले होते, डोळे मिटले होते, आणि भजनात लावायचा तसा मोकळा सूर लावून तो म्हणाला, "व्हय म्हाराजा." सगळ्यांच्या वर त्याचा आवाज गेला. त्यात अडखळणं नव्हतं, कंप नव्हता. पाप पोटात ठेवून ह्या देवासमोर असा होकार द्यायची छाती वाडीत कोणाची नव्हती, आणि सत्यवानाची तर नव्हतीच. लहानपणी चोरलेल्या आंब्यांतला पहिला तो इथे आणून ठेवायचा. हा नाही, तर मग कोण?

परशुरामाची नजर एकेका तोंडावरून फिरायला लागली. म्हातारे बोलले, पोरं बोलली, शेजारची तुळसा बोलली. सीतेचे ओठ हलले पण आवाज आला नाही, आणि तिने दुर्गाचा हात घट्ट धरला होता. दुर्गाचे ओठ मिटलेले होते. आधीच्या दोन वाक्यांना ती बोलली होती, हे त्याला आठवलं. आता ती खाली फरशीकडे बघत होती. तोंडावर भीती होती आणि हट्टही होता. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचं तोंड त्याने आजवर शंभर ठिकाणी शोधलं होतं. सापडलं ते आपल्या घरात.

घाडीने पुढचा श्वास घेतला. "ज्यान कोणी ह्यां केल्यान, तेचो संसार..."

"थांब, घाडी."

देवळात कोणी असं मध्ये बोलत नाही. घाडी वळला. "मधीच सोडूक येणा नाय रे. देवाच्या कानार घातलेला वाक्य पुरा करूक होया."

सगळे परशुरामाकडे बघत होते. सत्यवानाने डोळे उघडले होते. "मगे असां सांग," परशुराम म्हणाला. "ज्यान कोणी केल्यान, तेचो संसार तू सांबाळ."

घाडीने देवाकडे तोंड करून तसंच सांगितलं, वाडीने होकार दिला, जरा गोंधळून, पुढेमागे. दुर्गा ह्या वाक्यालाही बोलली नाही. ती रडत होती.

सत्यवान देवळाच्या पायरीवर काहीतरी बोलायला थांबला होता. परशुरामाने त्याच्याकडे बघितलं नाही. बघायला तोंड नव्हतं. तो दुर्गाला घेऊन पाणंदीला लागला. सीता मागे राहिली होती, नारळाचा प्रसाद घ्यायला. दोन्ही बाजूंना काजूची झाडं मोहरली होती. परशुरामाच्या मनात मुलीला माफ केल्याचं एक समाधान होतं, आणि ते त्याला जरा आवडलंही होतं.

"झिल वायट होतो?" त्याने विचारलं.

"नाय."

"मगे?"

"तेच्या आतेक मीच सांगलंय, माका लगीन करूचा नाय म्हणान. जत्रेत. तुमी सत्यवानकाकावर नजर ठेवन उभे होतास, तेवा. पाया पडलंय तिच्या, कोणाक सांगू नको म्हणान."

"पण कित्याक गो?"

दुर्गा थांबली. "बाबा, तुमी दुकानातसून येतास, तां पयला माका इचारतास. आवस खंय गेल्ली, कोण इल्ला, कोणावांगडा उलयली. मी सांगतंय, खंय नाय, घरातच होती. लहान होतंय तेवापासून सांगतंय. आयेची साक्ष माझ्याशिवाय कोण देता? मी गेलंय मगे तुमी कोणाक इचारतलास? आनी तिचा खरा कोण मानतला?"

आपण विचारतो हे परशुरामाला माहीत होतं. रोज विचारायचो, सवयीने, चप्पल काढता काढता. त्यात वाईट काय असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. घराची काळजी म्हणून विचारायचं. एवढ्या वर्षांत एकदाही काही सापडलं नव्हतं, आणि तरी तो दुसऱ्या दिवशी विचारायचाच. गावभर ज्याचा माग काढत होता, तो लग्न मोडणारा कोण हे आता त्याला दिसत होतं, आणि त्याच्यासाठी आत्ताच घाडीकरवी त्याने देवाकडे संसार मागून घेतला होता. त्याला लाज वाटली. गाव सोडून जावं अशी लाज वाटली.

ती दोघं घरी पोचली. तो ओटीवर बसला. थोड्या वेळाने सीता अंगणात आली, हातात नारळाची अर्धी वाटी. तिने ती खाली ठेवली नाही, पाय धुतले नाहीत. तिथेच उभी राहून, धाप लागलेली असताना, बोलायला लागली.

"प्रसाद घेवक येळ लागलो. गुरवाच्या बायलेन थांबयल्यान. मगे तुळसावांगडा इलंय, एकटी नाय इलंय. सत्यवान फुडे चलत होतो, आमच्याशी उलवलो नाय. मीय नाय उलयलंय."

दुर्गाने बापाकडे बघितलं आणि ती आत निघून गेली.

"सीते," परशुराम म्हणाला, "माका सांगा नको. मी काय्येक इचारूक नाय."

सीतेचा चेहरा पांढरा पडला. आजवर तो विचारायचा, रागावायचा, पुन्हा विचारायचा, ते तिला ठाऊक होतं. न विचारणं तिला नवं होतं. आज ह्याच्या मनात काय भरलंय, हे तिला कळेना.

"खरांच सांगतंय," ती म्हणाली. "वाटेत खंय थांबाक नाय. पाणीसुद्दा पियाक नाय. तुमका खोटा वाटत आसात तर तुळसा हयसरच आसा."

तो उठला, तिला थांबवायला. पण तो पायऱ्या उतरायच्या आत ती वईपाशी पोचली होती आणि तुळसाला हाका मारत होती, येवन सांग गो, येवन सांग तेंका, मी तुझ्यावांगडाच होतंय.